'टर्म शीट' : करार की बोली?

धुळे : भाषांतर करताना अडलोय. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत स्टीव्हन क्राउडर हा यूट्यूबवाला आणि 'डेली वायर' ही माध्यम कंपनी यांची जाहीर जुंपली होती. त्याचा कार्यक्रम आपल्याकडे घ्यायला कंपनीने चार वर्षांचे पाच कोटी डॉलर देऊ केले होते; पण यूट्यूबने जाहिरातीचे पैसे बंद केले किंवा चॅनलवर बंदी घातली तर रक्कम कापायची, अशी कलमं होती. त्याने आधी कंपनीचं नाव न घेता कलमांवर तोंडसुख घेतलं, मग कंपनीच्या जेरेमी बोरिंग यांनी सगळा कागदच कॅमेऱ्यासमोर उलगडला. त्या कागदाला 'टर्म शीट' म्हणतात. मी 'करारपत्र' लिहिलं, संपादकबाईंनी लाल रेघ मारली.

अमळनेर : बरोबर मारली. सही कुठे झाली होती? ही आमची पहिली मांडणी, तुमचा आकडा तुम्ही सांगा, असंच तर कंपनी म्हणत होती. आपल्याकडे याला बोली म्हणतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदार, म्हणजे वर्षभराचा शेतगडी, ठरवताना ओट्यावर होते तीच : सालाचे पैसे किती, धान्य किती, खाडे कापायचे की नाही. यूट्यूबचं कलम म्हणजे खाडेच की!

जळगाव : वकिलीची सवय, म्हणून बोलतो. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ मध्ये आधी प्रस्ताव, तो स्वीकारला की वचन, मग करार, आणि कायद्याने अमलात आणता येतो तो करार म्हणजे संविदा. हा कागद पहिल्याच पायरीवरचा. ('संविदा' कोर्टातही कुणी म्हणत नाही, सगळे 'ॲग्रीमेंट'च म्हणतात.)

धुळे : मग 'इसार' चालेल?

जळगाव : छे. इसारात पैसे हातात पडतात.

अमळनेर : सालदारीत त्याला उचल म्हणतात. उचल घेतली की पुढच्या आखाजीपर्यंत बांधला गेला. क्राउडरने उचल घेतलीच नव्हती.

धुळे : पण 'बोली' म्हटलं की पुण्याचा वाचक लिलाव समजेल, नाहीतर अहिराणीसारखी बोलीभाषा.

अमळनेर : 'बोली लावली' म्हणजे लिलाव. 'या बोलीवर कामाला राहिला' यात कुणाला लिलाव दिसतो?

चोपडा : एक राहिलं. बोरिंग यांच्याशी बोलताना क्राउडरने रेकॉर्ड केलेल्या फोनमध्ये 'वेज स्लेव्ह' असाही शब्द आहे. कुणी 'सालदार' सुचवायच्या आत सांगते, नको. आमचे आबा अकरा सालं एकाच मळ्यात सालदार होते. तरी दर आखाजीला मालक येऊन विचारायचा, "यंदा कितलामा?" (कितीला?) आबा दोन दिवस उत्तरच द्यायचे नाहीत. 'वेठबिगार'ही नको, वेठीला मजुरी नसते. 'पगारी गुलाम' लिहा, कडू लागला तर लागू द्या.

धुळे : 'बोलीचा कागद' लिहून पाठवतो. लाल रेघ आली तर परत येतोच.