गावी आई-वडिलांना औषधे घरपोच मिळण्यात सतत अडचण: ओटीपी, रेंज आणि पत्ता यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझे आई-वडील रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीत राहतात आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. वडिलांना पार्किन्सन म्हणजे कंपवाताचा आजार आहे. त्यांच्या लिवोडोपाच्या गोळ्या ठरलेल्या वेळीच घ्याव्या लागतात आणि त्या अचानक बंद करणे धोक्याचे असते, असे डॉक्टरांनी बजावले आहे. देवरूखच्या दुकानांत त्या नेहमी मिळतीलच याची खात्री नसल्यामुळे मी त्या ऑनलाइन मागवून थेट गावी पाठवते. आईचे इन्सुलिन मात्र मी मुद्दाम या मार्गाने मागवत नाही, कारण ते २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहिले पाहिजे आणि तेवढा भरवसा मला कुरियरवर ठेवता येत नाही.

अडचण अशी आहे की, पार्सल तालुक्यापर्यंत व्यवस्थित येते आणि शेवटच्या काही किलोमीटरमध्ये अडकते. आमच्या घरात मोबाइलला रेंज नसते. ती अंगणाच्या कडेला, विहिरीपाशी गेल्यावर मिळते. डिलिव्हरीवाला फोन करतो, तो लागत नाही, आणि ‘ग्राहक उपलब्ध नाही’ अशी नोंद होऊन पार्सल परत फिरते. त्या दिवशी दोघेही घरीच असतात, कारण वडिलांना सोडून आई कुठेही जात नाही. त्यातच एका पिनकोडखाली अनेक गावे येतात, त्यांतल्या दोन गावांची नावे बुद्रुक आणि खुर्द एवढ्याच फरकाची, आणि ॲपमधील नकाशा आमचे घर नदीच्या पलीकडे दाखवतो. टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन सुरू केला, ज्यात सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरी-अंकी संकेत मिळतो. मी आमच्या घराचा डिजिपिन काढून पत्त्यात लिहिला आहे, पण खासगी कुरियरची मुले तो पाहतात असे अजून तरी दिसलेले नाही.

सर्वांत जास्त काळजी मला ओटीपीची वाटते. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हे आम्ही भावंडांनी आई-वडिलांच्या मनावर मोठ्या प्रयत्नाने बिंबवले आहे. आता पार्सल घेताना तोच ओटीपी दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला सांगावा लागतो, आणि कधी तो माणूस दारात न येता फोनवरूनच मागतो. एकदा असा ओटीपी दिल्यानंतर ‘पार्सल पोहोचले’ असा संदेश आला, पण प्रत्यक्ष पार्सल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाले. कुरियरमधून बोलतो असे सांगून एखादा कोड डायल करायला लावायचा आणि समोरच्याचे कॉल स्वतःकडे वळवून घ्यायचे, अशी फसवणूक होत असल्यामुळे आईच्या मनातली भीती मी अनाठायी म्हणू शकत नाही. वस्तू हातात आल्याशिवाय ओटीपी सांगायचा नाही आणि फसवणुकीचा संशय आला तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवायचे, एवढे आम्ही ठरवले आहे. परंतु ‘आधी ओटीपी द्या, नाहीतर पार्सल परत जाईल’ असे कोणी दरडावले, तर सत्तरी ओलांडलेल्या बाईने काय करावे?

पैसे कापले जाऊन ऑर्डर न नोंदली जाण्याचा प्रकारही घडला, पण ते पैसे रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये घालून दिलेल्या मुदतीत आपोआप परत आले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात तिचे निवारण करायचे असते, आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे, हे मला माहीत आहे. मात्र गोळ्यांची पट्टी संपत आलेली असताना महिन्याभराच्या मुदतीचा उपयोग काय? म्हणून मी तक्रारीपेक्षा उपाय शोधत आहे.

घरी फायबरचे इंटरनेट आहे. वायफाय कॉलिंग चालू केल्यावर घरात फोन लागतो असे ऐकले आहे, पण रेंज नसताना ओटीपीचे एसएमएसही त्यावरून नियमित येतात का, आणि त्यासाठी आईचा जुना फोन बदलावा लागेल का, हे कोणी वापरून पाहिले असल्यास कृपया लिहावे. पावसाळ्यात वीज गेली की राउटरही बंद पडतो. त्यासाठीचा छोटा बॅकअप किती वेळ टिकतो, याचा अनुभवही हवा आहे. दुसरा विचार असा की, ऑर्डरवर माझा नंबर द्यावा आणि ओटीपी मी पुण्याहून सांगावा. पण मग पार्सल खरोखर आईच्या हातात पडले आहे, याची खात्री त्या क्षणी कशी करावी? औषधे मीच पुण्यात घेऊन स्पीड पोस्टाने पाठवावीत, असे भाऊ सुचवतो, कारण पोस्टमन घर ओळखतो. कोकणात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, या मार्गाने नियमित औषधे पाठवणाऱ्यांनी हाताशी किती दिवसांचा साठा ठेवावा लागतो, ते सांगितल्यास मी पुढच्या महिन्यापासून तसे करून पाहीन.