पद्मिनी म्हणे पोर्शला घाम फोडेल!

जांभ्याचा दगड: परवा इथे एकाने ठोकून दिलं की कुंभार्ली घाटात वडिलांची प्रीमियर पद्मिनी नव्या पोर्श ९११ला घाम फोडेल, कारण 'जुन्या गाडीत दम असतो'. खाली वाहवाच वाहवा. राहवलं नाही. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद जेमतेम ४० अश्वशक्ती. ९११ कॅरेराची (९९२ पिढी, २०१९ची) ३८५, शून्य ते शंभर ४.२ सेकंदांत. तेवढ्यात पद्मिनीवाला स्टिअरिंगखालच्या दांडीशी झटत दुसरा गिअर शोधत असतो. पण वेग सोडा, ब्रेकचं बोला. पोफळीकडे उतरताना पाय ब्रेकवरच राहिला की ड्रम तापून फुगतो, लायनर टेकेपर्यंत पेडल तळाला जातं आणि गाडीभर जळका वास. हाच का तो दम?

खाडीपल्याड: तो 'एक' मीच, साहेब. तुमचे आकडे मोकळ्या ट्रॅकवरचे. आरे-वारेच्या वळणांवर ३८५ घोडे एसटीच्या मागेच चरणार. आमच्या वाडीच्या गतिरोधकावर ९११चं पोट घासेल, पद्मिनी पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, तोंडापर्यंत येते. ऐन पावसात आईला कळा सुरू झाल्या तेव्हा बाबांनी याच गाडीतून रत्नागिरी गाठली. धाकटी बहीण या गाडीमुळे आहे. तुमच्या ४.२ सेकंदांमुळे कोण जन्मलं?

बावनदी: बहिणीला उदंड आयुष्य. पण एप्रिलच्या उन्हात पेट्रोलची वाफ धरली की फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकून कडेला बसणारे बाबा नाही आठवत? आता तर पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. जुन्या रबरी नळ्या त्या इथेनॉलने खराब होतात, त्या आधी बदला. दम नंतर.

किनाऱ्यावरचा: मला वेगळंच बोलायचंय. हे 'परफॉर्मन्स'वाले गाडी थेट पुळणीत घालतात त्याचं काय? ओहोटीची वाळू घट्ट दिसते. चाक रुतलं की हे अ‍ॅक्सिलरेटर दाबतात, गाडी आणखी खाली. मग भरती, मग 'काका, ट्रॅक्टर मिळेल का?' एकाने मध्यरात्री उठवलं. खारं पाणी दाराला लागलेलं, आणि हा घासाघीस करतोय.

पुण्याहून: पर्यटक नकोत तर तसं सांगा. पैसे घेताना बरे चालतात.

किनाऱ्यावरचा: पर्यटक चालतात हो, चाकं नकोत. वेळास-आंजर्ल्याला नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालतात, वाळूत हातभर खोल. वरून गाडी गेली तर वाळू दाबली जाते, पिल्लू वर येणार कसं? आलंच तर चाकोरीत अडकतं.

पुण्याहून: मग पाटी लावा.

किनाऱ्यावरचा: लावली आहे. तिला टेकूनच फोटो काढता तुम्ही.

वेंगुर्लेकार: मेल्यांनो, धागो गाडीयेचो की कासवाचो?

पुण्याहून: मी कधीच पुळणीत गाडी घातली नाही. उगाच 'तुम्ही तुम्ही' करू नका.

किनाऱ्यावरचा: मग तुम्हाला कशाला झोंबलं?

खाडीपल्याड: बरं, उतारावर नवी गाडी लवकर थांबते, मान्य. घ्या, खूश? पण माझी गाडी चार पान्यांत उघडते. ९११चा दिवा लागला की फ्लॅटबेडवर चढवून थेट मुंबई.

जांभ्याचा दगड: उपकार झाले. चला मग, एकदा दोघं कुंभार्ली उतरू. फक्त पद्मिनी पुढे ठेवा. तुमच्या ब्रेकच्या पुढ्यात मी यायचा नाही.