राज्याच्या शिक्षण खात्याचे मेमो: स्कूल बोर्डवरच्या नव्या सदस्याने काय वाचायचं, काय विचारायचं?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. नोव्हेंबर 2025 च्या निवडणुकीत मी आमच्या टाउनच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनवर निवडून आले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शपथ झाली. न्यू जर्सी, मध्यम आकाराचं स्कूल डिस्ट्रिक्ट, नऊ जणांचं बोर्ड, मुदत तीन वर्षं, मानधन नाही. मुलगी पाचवीत आहे, मुलगा आठवीत. माझा पेशा अकाउंटिंगचा, शिक्षणक्षेत्राशी संबंध फक्त आई म्हणून.

राज्याच्या शिक्षण खात्याकडून, म्हणजे ट्रेंटनहून, डिस्ट्रिक्टच्या सुपरिंटेंडंटसाठी, म्हणजे शाळांच्या मुख्य प्रशासकांसाठी, दर आठवड्याला मेमो निघतात. त्यांना ब्रॉडकास्ट म्हणतात. मी ठरवलं की निवडून आलोय तर हे वाचायलाच हवं. गेले तीन आठवडे मुलं झोपली की लॅपटॉप उघडून बसते. परीक्षांच्या तारखा, ग्रँटचे अर्ज, स्पेशल एज्युकेशनचे बदललेले फॉर्म, डेटा कधी भरायचा, ट्रेनिंगची निमंत्रणं. वाचून होतं, पण यातलं माझ्या कामाचं काय आणि फक्त ऑफिसच्या कामाचं काय, हे मला उमगत नाही.

लहान मुलांच्या वाचनाच्या चाचणीबद्दल, म्हणजे लिटरसी स्क्रीनिंगबद्दल, एक मेमो दिसला. आपल्याकडे ते कसं चाललंय, असं सुपरिंटेंडंटना ईमेलवर विचारलं. उत्तर सभ्य होतं, पण दोन ओळींचं: हा प्रशासनाचा विषय आहे, बोर्डाचा नाही. वाईट वाटलं. मी चुकीचं विचारलं का? जे लोक बोर्डवर आहेत किंवा शाळांच्या ऑफिसात काम करतात, त्यांनी कृपया सांगा.

परसदार

अभिनंदन! मी बोर्डवर नाही, साधा पालक आहे. पण एक सांगतो, हे मेमो खात्याच्या वेबसाइटवर सगळ्यांना खुले असतात. मी स्वतः बोर्डाच्या मीटिंगमध्ये पब्लिक कॉमेंटच्या वेळी त्यातले दोन वाचून प्रश्न विचारलेत. पालक म्हणून मला तीन मिनिटं मिळतात आणि बहुतेक वेळा उत्तर मिळतच नाही. तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला आहात, तेव्हा वाचणं सोडू नका.

टेबलावरून

सोनचाफाताई, अभिनंदन. मी दुसऱ्या काउंटीतल्या एका डिस्ट्रिक्टच्या करिक्युलम ऑफिसमध्ये आहे. या कामात चौदा वर्षं झाली, आणि हे मेमो उघडून योग्य माणसापर्यंत पोचवणं हा त्यातला मोठा भाग. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुपरिंटेंडंटचं म्हणणं कायद्याला धरून आहे. बोर्ड सदस्यांसाठी राज्याची आचारसंहिता आहे. शाळा चालवणं तुमचं काम नाही, त्या नीट चालवल्या जातायत ना हे पाहणं तुमचं काम आहे, असा त्यातल्या एका कलमाचा आशय आहे. पहिल्या वर्षी तुम्हाला जे सक्तीचं ट्रेनिंग आहे, त्यात हे येईलच. पण हे वाक्य अर्धंच ऐकवलं जातं. दुसरा अर्धा भाग तुमच्या हक्काचा आहे. "स्क्रीनिंग कसं चाललंय" हा प्रश्न ऐकला की ऑफिसला वाटतं, या आता वर्गात येऊन बसणार. त्याऐवजी विचारा: हा मेमो आपल्याकडे कोणाकडे आहे, काम कधीपर्यंत होणार, आणि बोर्डापुढे त्याचा रिपोर्ट कधी येणार? हे तुम्ही विचारलंच पाहिजे. आणि एकटीने ईमेलवर नको, कमिटीत विचारा.

"कोणाकडे आहे" हे मी मुद्दाम पहिलं लिहिलं. मेमोच्या वरच्या ओळी नीट बघा. तारीख असते, मग कोणासाठी, आणि तिथे बहुतेक वेळा सुपरिंटेंडंटचं पद असतं. त्याखाली पुष्कळदा हा मेमो पुढे कोणाकोणाला द्यायचा ते लिहिलेलं असतं. ट्रेंटनच्या दृष्टीने तिथे काम संपलं. डिस्ट्रिक्टच्या दृष्टीने ते तिथे सुरू होतं, आणि माझ्या अनुभवात मेमो हरवतो तो याच दोन ओळींच्या मध्ये.

काही वर्षांपूर्वी मी ज्या डिस्ट्रिक्टमध्ये होतो, तिथे उन्हाळ्यात सुपरिंटेंडंट बदलले. जुने जूनअखेर निवृत्त झाले, नवे ऑगस्टच्या मध्याला रुजू झाले. मधल्या सहा आठवड्यांचे मेमो जुन्या इनबॉक्समध्ये पडून राहिले. त्यातला एक इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना पाठवायच्या पत्राबद्दल होता. फेडरल कायदा सांगतो की शाळा सुरू झाल्यापासून 30 दिवसांच्या आत या पालकांना कळवायचं: तुमच्या मुलाला या प्रोग्रॅममध्ये का घेतलंय, त्याचं इंग्रजी कुठल्या पातळीवर आहे, आणि नको असेल तर नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. तेही शक्यतो पालकांना समजेल अशा भाषेत. आमच्याकडून त्या वर्षी पत्रं गेलीच नाहीत, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

डिसेंबरमध्ये एक वडील ऑफिसात आले. तेलुगू बोलणारे, रात्रपाळी संपवून थेट आलेले, अंगावर कामावरचंच जॅकेट. खिशातून मुलीचं रिपोर्ट कार्ड काढलं, चार घड्या घातलेलं, आणि टेबलावर ठेवून तळहाताने सपाट केलं. मुलगी दुसरीत. रोज एका तासाला तिला वर्गातून उठवून दुसऱ्या खोलीत नेतात, असं तिने घरी सांगितलं होतं. त्यांना वाटलं, तिला शिक्षा होतेय. तीन महिने ते तिला विचारत होते की तू काय केलंस, आणि ती म्हणायची, काही नाही. ती खोटं बोलतेय असं समजून ते तिच्यावर रागावले होते. मी त्यांना समजावलं की ती इंग्रजीच्या तासाला जाते, तिचं काहीच चुकलेलं नाही. ते काही बोलले नाहीत. फक्त त्या कागदावरून हात फिरवत बसले. ते गेल्यावर मी जुने मेमो शोधले आणि जुलैची तारीख असलेला तो मेमो मला मिळाला. कोणी उघडलाही नव्हता.

त्यानंतर आम्ही एक साधी एक्सेल शीट सुरू केली. मेमोची तारीख, विषय, एका माणसाचं नाव, शेवटची तारीख, बोर्डाची मंजुरी लागते का, आणि काम झालं का. नावाच्या रकान्यात विभाग लिहिलेला चालत नाही. "स्पेशल सर्व्हिसेस" असं लिहिलं की झाली टोलवाटोलवी सुरू. माणसाचं नाव लिहिलं की शुक्रवारी त्या माणसाला फोन करता येतो. तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये अशी काही यादी आहे का, हा माझ्या मते तुमचा पहिला प्रश्न असावा.

आता काय वाचायचं ते. तुम्ही अकाउंटंट आहात, तेव्हा पैशांचे मेमो तुमच्यापेक्षा चांगले कोण वाचणार? गव्हर्नरांचं बजेट विधिमंडळापुढे गेल्यावर दोन दिवसांत प्रत्येक डिस्ट्रिक्टला राज्याच्या मदतीचा आकडा कळतो. टॅक्स लेव्ही, म्हणजे शाळांसाठी गोळा होणारा स्थानिक प्रॉपर्टी टॅक्स, वर्षाला 2 टक्क्यांच्या वर वाढवायला मर्यादा आहे, त्यामुळे तो आकडा कमी आला की बोर्डापुढे फार वाटा उरत नाहीत. पण तो आकडा ठरायला सुरुवात होते ऑक्टोबरमध्ये. 15 ऑक्टोबरची पटसंख्या हा त्या हिशोबाचा पाया. नुसती डोकी मोजली जात नाहीत, त्यात किती मुलं कमी उत्पन्नाच्या घरातली, किती इंग्रजी शिकणारी, यानुसार वजन वाढतं. 2008 च्या स्कूल फंडिंग रिफॉर्म ॲक्टमध्ये कमी उत्पन्नाची ही मर्यादा फेडरल दारिद्र्यरेषेच्या 185 टक्के आहे. ते ठरतं बहुधा मोफत किंवा सवलतीच्या लंचच्या फॉर्मवरून. म्हणजे कुटुंबाने तो फॉर्म भरला नाही, तर अनेकदा ते मूल हिशोबात गरीब म्हणून दिसतच नाही. आपल्या देशी लोकांत पुष्कळ जण संकोचाने हा फॉर्म भरत नाहीत. सप्टेंबरमध्ये त्याचा मेमो दिसला तर तो क्षुल्लक समजू नका. किती फॉर्म आले, हे विचारा.

फेडरल पैशांवरही लक्ष असू द्या. 1 जुलै 2025 ला राज्यांना मिळायचे टायटल टू, थ्री, फोरचे पैसे, म्हणजे शिक्षकांचं प्रशिक्षण, इंग्रजी शिकणारी मुलं वगैरेंसाठीची फेडरल मदत, येणार नाहीत, हे आदल्या दिवशी कळलं. देशभराची रक्कम 6 अब्ज डॉलरच्या वर होती. जुलैअखेर ते मोकळे झाले, पण तोवर सप्टेंबरसाठी इंग्रजीचे शिक्षक नेमायचे की थांबायचं, या विवंचनेत आमचे तीन आठवडे गेले. त्या दिवसांत ट्रेंटनचा एकेक मेमो आम्ही दोनदोनदा वाचला.

लिटरसी स्क्रीनिंगबद्दल तुम्ही विचारलंत ते योग्यच होतं. तो कायदा ऑगस्ट 2024 मधला आहे. 2025-26 या शालेय वर्षापासून किंडरगार्टन ते तिसरीच्या मुलांचं वर्षातून किमान दोनदा स्क्रीनिंग करायचं आणि निकाल पालकांना कळवायचा. तेव्हा विचारायचं ते असं: पत्र गेलं का, कोणत्या भाषांत गेलं, आणि जे मूल मागे पडलेलं दिसलं त्याला दुसऱ्या दिवसापासून वेगळं काय मिळतंय?

ट्रेनिंगची निमंत्रणं, वेबिनार वगैरे सोडून द्या. ती खरोखर ऑफिससाठी असतात.

निवृत्तबाई

वरचं सगळं पटलं. मी स्पेशल एज्युकेशनमध्ये बावीस वर्षं शिकवलं, त्यामुळे एकच भर घालते.

स्क्रीनिंग म्हणजे स्पेशल एज्युकेशनचं मूल्यमापन नव्हे. "आधी स्क्रीनिंगचे दोन राउंड होऊ देत, मग बघू" असं पालकांना सांगून मुलाचं वर्ष वाया गेलेलं मी पाहिलंय. पालकांनी मूल्यमापनाची लेखी मागणी केली की न्यू जर्सीत 20 दिवसांच्या आत मीटिंग व्हावी लागते. पालकांनी संमती दिली की 90 दिवसांच्या आत मूल्यमापन होऊन, मूल पात्र ठरलं तर आयईपी, म्हणजे त्या मुलासाठीचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, लागूही व्हावा लागतो. घड्याळ सुरू होतं ते लेखी पत्राने, शिक्षिकेशी तोंडी बोलून नाही. आपले पालक भिडस्त असतात, बाईंना कसं लिहून द्यायचं म्हणून थांबतात. राज्याची पालकांच्या हक्कांची प्राइज नावाची पुस्तिका आहे. तुमच्या शाळांमध्ये ती पालकांच्या हातात कधी पडते, हे नक्की विचारा. मीटिंगच्या टेबलावर, सह्या करताना मिळाली तर ती वाचणार कोण?

सोनचाफा

सगळ्यांचे मनापासून आभार. टेबलावरून, त्या वडिलांचं वाचून रात्री बराच वेळ झोप लागली नाही. माझा मुलगा पहिलीत होता तेव्हा घरी कोणती भाषा बोलता हे विचारणाऱ्या होम लँग्वेज सर्व्हेवर मी मराठी लिहिलं होतं. त्यानंतर त्याचीही कसली तरी चाचणी झाली होती. ती कशासाठी, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

एक शंका. कमिटीत विचारलं आणि पुन्हा "प्रशासनाचा विषय" असं उत्तर आलं तर?

टेबलावरून

तर त्याच बैठकीत म्हणा की रिपोर्ट कोणत्या महिन्यात येईल तेवढं मिनिट्समध्ये नोंदवा. भांडू नका, आवाजही चढवू नका. आणि क्युसॅकचं, म्हणजे राज्याच्या तपासणीचं, नाव काढा. दर तीन वर्षांनी राज्य डिस्ट्रिक्टची पाच विभागांत तपासणी करतं आणि प्रत्येक विभागात 80 टक्के लागतात. त्यातला एक विभाग गव्हर्नन्सचा, म्हणजे थेट बोर्डाचा आहे. सुपरिंटेंडंटना हे तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. बहुतेक जण चांगलेच असतात हो, कामाखाली दबलेले असतात. यादी केल्याने त्यांचंही ओझं हलकं होतं, हे मी माझ्या साहेबांच्या बाबतीत पाहिलंय.

सोनचाफा

काल करिक्युलम कमिटी झाली, म्हणून कळवते. तुम्ही सांगितलेल्याच शब्दांत विचारलं. सुपरिंटेंडंट क्षणभर थांबले, मग त्यांनी असिस्टंट सुपरिंटेंडंटकडे पाहिलं, आणि त्या म्हणाल्या, माझ्याकडे आहे. पहिलं स्क्रीनिंग शरद ऋतूत झालंय. पालकांना पत्रं गेली, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये. बाकी भाषांत नाहीत. मार्चच्या मीटिंगमध्ये रिपोर्ट येणार, हे मिनिट्समध्ये आलं. मेमोंची यादी अशी नव्हती. बैठक संपल्यावर असिस्टंट सुपरिंटेंडंटनी मला थांबवून विचारलं की तुमच्या माहितीतल्या त्या डिस्ट्रिक्टमध्ये रकाने कोणते आहेत. मी फोनवर हाच धागा उघडून रकाने वाचून दाखवले, त्यांनी पॅडवर लिहून घेतले.

आता एक मदत हवी आहे. आमच्याकडे किंडरगार्टन ते तिसरीत गुजराती आणि तेलुगू घरांतली मुलं बरीच आहेत. मार्चच्या आधी त्या पत्राचं साध्या, घरात बोलतात तशा भाषेत भाषांतर ऑफिसला करून घ्यायचंय. मशीनचं नको, असं मीच म्हणाले. ज्यांच्या डिस्ट्रिक्टने अशी पत्रं काढली असतील, त्यांनी नमुना मिळेल का ते आपापल्या ऑफिसात विचारून मला इथेच कळवाल का?

टेबलावरून

तेलुगू पत्र आमच्याकडे आहे. त्या वर्षीच्या डिसेंबरनंतरच करून घेतलं होतं. उद्या साहेबांना विचारून पाठवतो.