गल्लीत केलेली फिल्म आधी गल्लीत दाखवायची का थेट फेस्टिवलला धाडायची?

मंगळवारपेठकर:
माझं मत, आधी गल्लीत. आमच्या हितल्या, कोल्हापुरातल्या, एका पोरानं मोबाइलवर 18 मिनिटांची फिल्म केली, गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध विकणाऱ्या म्हाताऱ्याची, आणि तालमीसमोर पडदा बांधून दाखवली. तर मागनं एक गवळी मधीच ओरडला, "अरं रेडकू सोडल्याबिगर म्हस पान्हावती व्हय?" पोरगं गप झालं, पण दुसऱ्या आठवड्यात कट्ट्यावर जाऊन तो शॉट परत घेऊन आलं. हे कुठला ज्युरी सांगणार होता? बाबुराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला आणि 1920 ला 'सैरंध्री' सिनेमा काढला, त्या गावात आपण फेस्टिवलच्या मेलची वाट बघत बसायचं?

साउंडवाला_कोपू:
भावा, दरवेळी पेंटरांचं नाव पुढं करू नका. त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, माणसं तयार केली, त्यातलीच काहीजणं बाहेर पडली आणि 1929 ला प्रभात फिल्म कंपनी काढली, ती पण 1933 ला पुण्याला गेली. आणि त्या पोराच्या तालमीसमोरच्या शोला मी होतो. म्हाताऱ्याचं निम्मं बोलणं कळलंच नाही, कारण आवाज मोबाइलच्याच माइकवर घेतलेला, सगळा वारा आणि गाड्यांचे हॉर्न, आणि वर स्पीकर आणलेले मिरवणुकीचे, ते बेस बडवायला भारी, बोलणं ऐकायला नाही. असं दाखवून त्या पोराचं नुकसानच होतंय. फेस्टिवलला धाडायचं म्हटलं की माणूस झक्कत आवाज नीट करतो.

राजारामपुरीची_ताई:
आणि परवानगीचं कोण बघणार? 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानं सार्वजनिक दाखवायचं तर सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं, शॉर्टफिल्मला पण. उद्या कुणी तक्रार केली तर ते पोरगं एकटं निस्तरणार, तालमीतलं कुणी पुढं येणार नाही. त्यापेक्षा यूट्यूबवर टाका, ज्याला बघायचीय तो बघेल.

मंगळवारपेठकर:
ताई, यूट्यूबवर तो गवळी येणार नाही ओ, आला तरी कॉमेंट टायपत बसणार नाही. सर्टिफिकेटचा खर्च वर्गणीतनं काढू, गणपतीला काढतोयच की! आणि पोरगं एकटं कसं पडंल, सही तालमीची घालू. पण चारशे माणसं एका जागी बसून आपल्याच भागातला माणूस पडद्यावर बघत्यात, बायका गॅलरीतनं बघाय लागल्यात, हे सोडायचं नाही म्हणजे नाही.

साउंडवाला_कोपू:
वर्गणी काढणार असाल तर पैला कॉलर माइक आणि रेकॉर्डर घ्या, मी येऊन शिकवतो. तोवर माझा विरोधच.