पावसात एकट्यानं करेरी तलाव: धाडस की आगाऊपणा?

बिऱ्हाड पाठीवर
सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हिमाचलमधल्या करेरी तलावावर एकटाच एक रात्र राहून आलो. महूहून सुटणारी माळवा एक्सप्रेस पठाणकोट कँटला सोडते, तिथून बसनं धरमशाळा. तलाव २९३४ मीटरवर, करेरी गावातून चालत साधारण १३ किलोमीटर. दोन्ही दिवस पाऊस. इंदूरला परतल्यापासून पोह्यांच्या प्रत्येक बशीबरोबर एकच प्रश्न येतोय, "एकटा? तेही पावसात?"

माझं म्हणणं, एकटा माणूस जास्त सांभाळून चालतो. पाच जणांत एकाला परत फिरायचं असतं, पण बाकीचे हसतील म्हणून तो गप्प बसतो. एकट्याला लाजायला कुणी नसतं. बोला.

सुदामानगरचे काका
लाजायला कुणी नसतं, तसं उचलायलाही कुणी नसतं. जानापावला जाऊन ये की. डोंगर आहे, कुंड आहे, चंबळचा उगम आहे, आणि रात्री घरी वरणभात.

बिऱ्हाड पाठीवर
काका, जानापाव जेमतेम साडेआठशे मीटर. वरपर्यंत गाडी जाते.

सुदामानगरचे काका
म्हणूनच सांगतोय.

ओला मोजा
धौलाधारात, म्हणजे करेरी ज्या डोंगररांगेत आहे तिथं, मी दोनदा पावसात अडकलोय, म्हणून लिहितो. पावसानं माणूस भिजतो, एवढंच. भीती नाल्याची. कांगड्याच्या सखल खोऱ्यातून धौलाधार एकदम भिंतीसारखा उभा राहतो. दक्षिणेकडून आलेले ढग त्याच्यावर आपटतात आणि तिथंच रिकामे होतात. आपल्या इंदूरच्या जवळजवळ तिप्पट पाऊस धरमशाळेत पडतो तो यामुळे. वर कुठंतरी कोसळतो, तुझ्या डोक्यावर मात्र निळं आकाश, आणि पाऊण तासात पाणी घोट्यावरून मांडीवर. १२ जुलै २०२१ ला धरमशाळेजवळच्या भागसूनागच्या एवढ्याशा नाल्यानं उभ्या मोटारी वाहून नेल्या. करेरीची वाट तर नाल्याच्या काठानंच जाते. अशा पाण्यात दोघं-तिघं एकमेकांना धरून उतरतात. तू कुणाला धरणार, काठीला?

बिऱ्हाड पाठीवर
पाणी वाढलं तर थांबणार. दोन दिवसांचा जादा शिधा होता माझ्याकडे. सातूचं पीठ, गूळ आणि (हसू नका) अर्धा किलो शेव.

रामबागवाली
शेवेला माझं पूर्ण अनुमोदन. मीही एकटी फिरते, आणि "एकटी" म्हटल्यावर लोकांच्या चिंतेत पाऊस चौथ्या नंबरला असतो, त्यामुळे "एकट्यानं जाऊच नये" हे मी कुणाचंच ऐकून घेत नाही. पण तुझा लाजेचा मुद्दा मला सोयीचा वाटतो. एकटा माणूसही हट्ट करतोच. एवढे पैसे घातले, रजा घेतली, परतीचं तिकीट काढलंय, चल पुढे! हे सगळं मी स्वतः केलंय.

दुसरं, थंडी. कपडे ओले, त्यात वारा असला तर दहा-बारा अंशांतही अंग गारठत जातं. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की बोलणं जड होतं, बोटं ऐकत नाहीत, डोकं भलतेच निर्णय घेतं. आणि ज्याला होतं त्यालाच ते कळत नाही. शेजारच्याला कळतं. तुझ्या शेजारी कोण होतं?

लोकमान्यनगरकर
सॅटेलाइटवरून मदत मागायचं यंत्र घ्यावं. बटण दाबलं की काम झालं.

ओला मोजा
भारतात परवानगीशिवाय ते जवळ बाळगणं बेकायदा आहे. परदेशी पाहुण्यांनाही विमानतळावर अडवलंय त्यासाठी. रेंज गेली की ११२ सुद्धा लागत नाही. राहतो तो गावकरी. रात्री कंदील घेऊन तुला शोधायला तोच निघणार, आणि त्याचा पायही त्याच दगडावरून घसरणार. "माझा जीव, माझी मर्जी" म्हणताना हा माणूस हिशेबात धरत जा.

बिऱ्हाड पाठीवर
याला माझ्याकडे उत्तर नाही.

ताई, तुमचं वाचून रात्रीची एक गोष्ट आठवली. दोनच्या सुमारास जाग आली. पिसांची स्लीपिंग बॅग पायाकडून भिजून चपटी झाली होती. स्टोव्ह पेटवायचा होता, पण लायटर तीनदा हातातून पडला. कंटाळा आलाय असं वाटलं आणि तसाच पडून राहिलो. सकाळी ऊन आलं म्हणून विसरलो. पुढच्या वेळी सिंथेटिक बॅग, आणि लोकरीचा कोरडा जोड प्लास्टिकमध्ये बांधून. जाणार मात्र एकटाच.

सुदामानगरचे काका
जा बाबा. पण कुठल्या वाटेनं, कधी परतणार, आणि फोन आला नाही तर मी तिथं कुणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून दे. व्हॉट्सॲपवर नको, मला सापडत नाही.

बिऱ्हाड पाठीवर
देतो, काका.

ओला मोजा
एक विचारायचं राहिलं. परतताना नाला किती वाजता ओलांडलास?

बिऱ्हाड पाठीवर
दुपारी तीनला. पाणी गुडघ्याच्या वर होतं. पठाणकोटची शेवटची बस चुकली असती.