मदत हवी आहे: स्पायडरमॅनची सुरुवात आजच्या पोरांसाठी कशी लिहू?

गणपतीत आमच्या सोसायटीतली (इंदिरानगर, नाशिक) पोरं नाटुकलं करणारेत, स्पायडरमॅन कसा झाला यावर, आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मूळ गोष्ट १९६२ ची, तेव्हा अणुबॉम्बची धास्ती होती म्हणून किरणोत्सर्गी कोळी चावतो, २००२ च्या सिनेमात तोच कोळी जनुकीय बदल केलेला झाला, मग आज काय ठेवायचं? एआय नको प्लीज, सगळे तेच सुचवतायत.

खरं तर कोळी कुठलाही चालेल असं मला वाटतं. पीटर (कोळी चावून स्पायडरमॅन होतो तो पोरगा) टीव्हीवर चमकायला जातो, समोरून पळणाऱ्या चोराला अडवत नाही आणि पुढे तोच चोर त्याच्या बेनकाकांना मारतो, गोष्ट ती आहे ना! टीव्हीऐवजी रील्स केल्या तर पटेल का, म्हणजे चोर पळतोय आणि हा आपला लाईक्स बघत बसलाय, की फारच उपदेश झाडल्यासारखं वाटेल? पीटर न्यूयॉर्कमध्येच राहणारे, त्याला पंचवटीत आणायचं नाहीये.

आणि काकांचा मृत्यू आठ-दहा वर्षांच्या पोरांकडून स्टेजवर दाखवायचा का नुसता सांगायचा? बालनाट्य बसवलेल्या कुणीतरी सांगा, पुढच्या आठवड्यात तालमी सुरू होतायत.