केवळ पाणी बदलणे पुरेसे नाही

संगणकाचा प्रोसेसर पाण्याने थंड ठेवण्यासाठी सुटे भाग जोडून बनवलेल्या कस्टम लूपमध्ये वर्षातून एकदा डिस्टिल्ड वॉटर बदलले की देखभाल संपली, असे एक मत मांडले जाते. त्यात थोडी भर घालतो. डिस्टिल्ड वॉटर उष्णता उत्तम वाहून नेते, परंतु शेवाळ रोखणारे किंवा धातूंना गंजण्यापासून वाचवणारे त्यात काहीच नसते, म्हणून बायोसाइड (शेवाळ व जंतू मारणारे रसायन) आणि गंजरोधक मिसळलेले तयार कूलंटच (लूपमध्ये फिरणारा, उष्णता वाहून नेणारा द्रव) मला अधिक भरवशाचे वाटते. तांब्याचा वॉटरब्लॉक (प्रोसेसरवर बसणारा, आतून द्रव वाहणारा ठोकळा) आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर (द्रवातील उष्णता हवेत सोडणारा भाग) एकाच लूपमध्ये आले, तर द्रवामार्फत दोन्ही धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम झिजू लागते, आणि नुसते पाणी बदलत राहिल्याने ती झीज थांबत नाही. अनेक सीलबंद एआयओ (ऑल-इन-वन, म्हणजे कारखान्यातच जोडून भरलेल्या) कूलरमध्ये हीच जोडी असते व ती केवळ गंजरोधकांमुळे टिकते, त्यामुळे ते उघडून साधे पाणी भरण्याचा मोह टाळलेला बरा.

लवचीक पीव्हीसी नळ्यांतून कालांतराने प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारे रसायन) पाझरतो आणि त्याचा चिकट थर वॉटरब्लॉकच्या बारीक खाचांत साचतो. पंप नीट चालूनही प्रोसेसरचे तापमान महिनोन्‌महिने चढत असेल, तर रेडिएटरवरील धूळ काढल्यानंतर वॉटरब्लॉकच्या या खाचांतच पाहावे. एआयओमध्ये नळ्यांतून पाणी अगदी सावकाश बाहेर झिरपते व आत हवा वाढते, ती पंपात न शिरता वरच साठावी म्हणून रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंचावर ठेवावा. विदर्भातल्या मे महिन्यात खोली ४० अंशांवर असताना कूलंट त्याहून थंड होणे शक्यच नाही, तेव्हा तापमानाच्या चढ्या आकड्यांवरून कूलर बिघडल्याचा निष्कर्ष काढू नये.